रेवण कधीच विचारत नाही

“मॅडम, रेवणला एक अफेअर देऊया.”

केदार हे फोनवर इतक्या सहज बोलला, जणू पाहुण्याला अजून एक पोळी वाढायची होती. मी दुकानाच्या मागच्या खोलीत लिहीत बसले होते. मुरुम गावच्या बाजारपेठेत पुढं आमच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, हार्डवेअरचं दुकान आहे आणि मागं माझं. ते खिळे-बिजागऱ्या विकतात, मी प्रेम विकते. गिऱ्हाईक दोघांनाही बरं आहे.

“अफेअर कुणाशी?” मी विचारलं.

“कॉलेजची मैत्रीण. निशा. डिव्होर्सी. शहरातून परत येते आणि पहिल्याच भागात त्याच्या दुकानात शिरते.”

“रेवण कॉलेजला गेलेला नाही. तो दहावीलाच दोनदा बसलाय.”

पलीकडं कीबोर्डवर काहीतरी खोडल्याचा आवाज आला.

“मग शाळेची मैत्रीण,” केदार म्हणाला.

ज्यांना माझा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी एका ॲपसाठी प्रेमकथा लिहिते. ॲपवर त्या वाचायच्या नसतात, ऐकायच्या असतात. भाकरी थापता थापता एक भाग संपावा, एवढी एका भागाची लांबी. असे पुष्कळ भाग झाले की एक सीझन होतो. जुन्या भाषेत सांगायचं तर कादंबरीचा एक खंड. केदार हा कंपनीचा कंटेंट हेड. पुण्यात बसतो, पस्तिशीचा आहे, हुशार आहे. कोणत्या गोष्टी चालू ठेवायच्या आणि कोणत्या बंद करायच्या हे तो ठरवतो.

त्याआधी मी एसटी स्टँडवर विकायच्या छोट्या कादंबऱ्या लिहायची. ते काम सोपं होतं. दोघं भेटले, भांडले, एकमेकांच्या गळ्यात हार घातले, समाप्त. मालिकेत तसं चालत नाही. मालिकेत हार घातल्यावर खरं काम सुरू होतं. लोकांना त्याच दोघांचं प्रेम पुन्हा पुन्हा हवं असतं आणि तेच तेही नको असतं. सुनेनं पहिल्या दिवशी केली तशीच भाजी रोज करावी आणि ती कधी कंटाळवाणी होऊ नये, अशी सासूची अपेक्षा असते ना, तसंच हे.

माझ्या मालिकेतली कस्तुरी एसटीत कंडक्टर आहे. तोंडानं तिखट, मनानं उघडी. रेवणचं बी-बियाण्याचं दुकान आहे. पहिल्या सीझनमध्ये त्यांची ओळख झाली, दुसऱ्यात प्रेम, तिसऱ्यात लग्न. चौथ्याच्या सुरुवातीला ड्रॉप-ऑफ वाढला. ड्रॉप-ऑफ म्हणजे ऐकता ऐकता अर्ध्यातून उठून जाणारे लोक. कीर्तनातून माणसं उठून जायला लागली की बुवाला दिसतात. मला दिसत नाहीत, केदारला त्याच्या स्क्रीनवर दिसतात.

“मॅडम, लग्न झालं की टेन्शन संपतं,” तो म्हणाला. “काहीतरी मोठं घडायला हवं. अफेअर नको असेल तर ॲक्सिडेंट. स्मृती जाते, तो कस्तुरीला ओळखत नाही.”

“मग तो रेवण कसला?”

“लोक बदलतात मॅडम.”

“बदलतात. पण आपापल्या रस्त्यानं बदलतात. तुम्ही त्याला दुसऱ्याच माणसाच्या अंगात घालायला निघालात.”

मग केदारनं मऊ आवाजात मला कराराची आठवण करून दिली. करारात पात्रं कंपनीची असतात. मला हे माहीत होतं, पण आपल्या नावावरचं रान सरकार घेऊ शकतं हे जसं माहीत असतं, तसं. मी अफेअर लिहायला तयार नसेन तर चौथा सीझन पुण्यातल्या लेखकांच्या टीमकडं जाणार होता. ‘मूळ कल्पना’ म्हणून माझं नाव राहणार होतं. म्हणजे भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोसारखं.

मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. कस्तुरीला मी बोलायला शिकवलं आणि रेवणला गप्प बसायला. या दोघांना परक्या हातात देऊन, रेवण त्या निशाला “कशी आहेस?” विचारतोय हे मी ऐकत बसायचं?

कारण रेवण कुणालाच काही विचारत नाही. तीच तर त्याची गाठ आहे.

ही माझी कामाची पद्धत. पात्र सुरू करताना त्याचे डोळे, उंची, आवडता रंग मी ठरवत नाही. त्याला कोणती एक गोष्ट जमत नाही, एवढंच ठरवते. रेवणला विचारणं जमत नाही. तो देतो, करतो, आणून ठेवतो. कस्तुरीच्या गाडीचं टायर पंक्चर झालं तर दोन तास उन्हात उभा राहतो. पण “काय झालं?”, “दमलीस का?” हे त्याच्या तोंडातून येत नाही. तो म्हणतो, “पाणी ठेवलंय.” तो म्हणतो, “आज गाडी उशिरा आली.” यातून जे समजायचं ते कस्तुरीनं समजायचं.

पहिल्या सीझनमध्ये कस्तुरी तापानं फणफणलेली असते असा एक भाग आहे. रेवणला आवाज देणारा निखिल हा गुणी कलाकार. त्यानं भावनेच्या भरात पदरचं एक वाक्य घातलं, “बरी आहेस ना?” फार गोड बोलला होता. मी ते काढायला लावलं आणि तो तुकडा पुन्हा रेकॉर्ड करून घेतला. स्टुडिओवाले वैतागले. निखिल म्हणाला, “अक्का, माणूस आहे तो, दगड नाही.” मी म्हटलं, “माणूस आहे म्हणूनच आत्ता नको. वेळ आली की मी सांगेन.”

दुसरी पद्धत अशी, की दर सीझनला मी माझ्या माणसांना एकदा त्याच जागी आणून उभं करते. लहान पोराची उंची मोजायला आपण त्याला दर वर्षी त्याच चौकटीला टेकवतो, तसं. माझी चौकट म्हणजे येळवस.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. आमच्या भागात हा दिवाळीपेक्षा मोठा सण. सगळं गाव रानात जातं. ज्वारीच्या रानात कडब्याची कोप, म्हणजे लहानशी झोपडी, उभी करायची, आत पांडवांची पूजा करायची, पिकावर ज्वारी-ताकाची आंबील शिंपडायची आणि मग येईल त्याला जेवू घालायचं. ज्याला रान नाही त्यालाही दहा जणांचं बोलावणं असतं. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारून आणतात.

पहिल्या सीझनच्या येळवसला रेवणच्या आईनं रस्त्यावरून कस्तुरीला जेवायला बोलावलं. रेवणनं तिच्याकडं न बघता आंबील ओतली, ती पेल्यातून सांडून तिच्या युनिफॉर्मवर गेली. दुसऱ्याला कस्तुरी ड्युटीमुळं आलीच नाही, तर पोट दुखतंय असं आईला सांगून हा उपाशी राहिला. तिसऱ्याला ती बायको होऊन आली, पहाटेपासून राबून पन्नास माणसांची भज्जी, म्हणजे सगळ्या भाज्या-शेंगांची मिसळ, केली, आणि यानं ते पातेलं डोक्यावर घेऊन सगळ्या शिवारात कौतुकानं वाढलं. तिला मात्र एका शब्दानं काही म्हणाला नाही. ती सगळ्यात शेवटी, पाठमोरी बसून जेवली.

ही माझी तीन खुणांची चौकट. चौथी खूण कोणती हे मला तेव्हा माहीत नव्हतं, खरं सांगते. एवढंच माहीत होतं की ती निशा नाही.

“मी स्वतः येतो मॅडम,” केदार म्हणाला. “हे फोनवर बोलणं बरं नाही. पुढच्या शुक्रवारी येतो. नवी टीम, हँडओव्हर, सगळं समोरासमोर ठरवू.”

“शुक्रवारी नको. येळवस आहे.”

“म्हणजे काय?”

“अमावस्या.”

तो हसला. “मॅडम, तुम्ही प्रेमकथा लिहिता आणि अमावस्या पाळता? मी नाही मानत असलं काही.”

“या मग,” मी म्हटलं. पुढचं सांगितलं नाही. तीन सीझन येळवसचे भाग ज्यानं मंजूर केले, त्याला येळवस म्हणजे काय ते माहीत नाही, याला मी काय करू? पुण्यात अमावस्या म्हणजे लोक घराबाहेर पडत नाहीत. आमच्याकडं या अमावस्येला कुणी घरात सापडत नाही.

शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला तेव्हा मी रानात होते.

“मॅडम, मुरुममध्ये काही झालंय का? सगळी दुकानं बंद आहेत. रस्त्यावर एक माणूस नाही. कर्फ्यू आहे का?”

“सण आहे. रानात या.” मी रस्ता सांगितला. दीरांचं रान गावापासून चार किलोमीटर. गाडीला दहा मिनिटं फार झाली.

तो दीड तासानं पोचला. वाटेत दोन रानांतल्या लोकांनी गाडी अडवली होती. “कुठून आलाव साहेब? पुन्याहून? मंग तसंच कसं जाताव?” असं म्हणत खाली उतरवून जेवू घातलं होतं. तिसऱ्या रानाजवळ त्यानं काच वर करून गाडी पळवली म्हणे. आमच्या बांधावर उतरला तेव्हा शर्टावर आंबिलीचा डाग होता आणि चेहरा तृप्त होता. आल्या आल्या आमच्या मालकांनी त्याच्या हातात पत्रावळ दिली.

“नको हो काका, खरंच पोट फुटेल.”

“लक्ष्मीला न्हाय म्हनू नये,” मालक म्हणाले आणि बाजरीचा वाफवलेला उंडा वाढून पुढं गेले. ते तसेच आहेत. आग्रहही आज्ञेसारखा करतात.

केदारच्या बॅगेत हँडओव्हरचा कागद असणार हे मला ठाऊक होतं. माझे हात वाढत होते आणि डोकं त्या बॅगेत होतं. तेवढ्यात आमच्या शेजारच्या कलावती मावशींनी विचारलं, “ह्ये कोन पावनं?” साठीच्या बाई, शिवणकाम करतात, मशीनवर बसल्या की कानात माझी मालिका चालू असते. मी सांगितलं, “माझी गोष्ट ज्या ॲपवर येते ना, तिथले मोठे साहेब.”

झालं. कोपीभोवतीच्या सगळ्या बायका हातातली कामं टाकून गोळा झाल्या. कुणी कस्तुरीला मूल कधी होणार विचारलं, कुणी रेवणच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. केदार खूश झाला. त्याच्या स्क्रीनवर हे लोक आकडे असतात, इथं त्यांना तोंडं होती. मग त्यानं त्याच्या हिशेबानं हुशारी केली. लोकांनाच विचारूया म्हणाला.

“समजा,” तो म्हणाला, “रेवणच्या आयुष्यात दुसरी एक बाई आली तर?”

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एखादी जरी “बघू या की, काय व्हतंय ते” म्हणाली असती, तरी खेळ खलास होता. लोकांना अशा भानगडी ऐकायला आवडतात, हे मला केदारपेक्षा जास्त माहीत आहे.

कलावती मावशी हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, मागं कडब्याला टेकून हसायला लागल्या.

“रेवनाला दुसरी? ओ साहेब, त्येनं अजून घरच्या बायकूला ‘जेवलीस का’ म्हनून ईचारलं न्हाय. तीन येळवशी झाल्या. दुसरीला काय डोंबल ईचारतोय त्यो!”

बायकांमध्ये हशा पिकला. “व्हय की,” एक म्हणाली. “ती कस्तुरी बिचारी पाठमोरी बसून जेवली, म्या तवा मशीन बंद केली व्हती,” असं मावशींनी वर सांगितलं. “आमी तर रोज वाट बघायलोय. आज ईचारंल, उद्या ईचारंल.”

मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगते आणि लाज न बाळगता सांगते. मला स्वतःचा अभिमान वाटला. रेवणला विचारता येत नाही, हे मी तीन सीझनमध्ये एकदाही कुणाच्या तोंडी घातलं नव्हतं. एकदाही चुकू दिलं नव्हतं, एवढंच. आणि मशीनवर ब्लाउज शिवता शिवता एका बाईनं ते टिपलं होतं, त्याची वाट बघत होती. माझं काम पोचलं होतं. फक्त ती नेमक्या कोणत्या प्रश्नाची वाट बघतेय, हे मला आत्ता कळलं. मी काहीतरी मोठा प्रश्न शोधत बसले होते. प्रश्न तर पत्रावळीवर पडला होता.

मी केदारला बांधावर नेलं.

“मला दहा भाग द्या,” मी म्हटलं. “निशा नको, ॲक्सिडेंट नको. दहाव्या भागात रेवण कस्तुरीला ‘जेवलीस का?’ विचारेल.”

“बस? एवढंच?”

“एवढंच.”

“मॅडम, याला टेन्शन म्हणत नाहीत.”

“तुम्ही आत्ता त्यांचं ऐकलंत. तीन वर्षं त्याच टेन्शनमध्ये आहेत त्या.”

तो कोपीकडं बघत राहिला. तिथं मावशी अजून कुणाला तरी रेवणची नक्कल करून दाखवत होत्या. “दहा भाग,” तो शेवटी म्हणाला. “त्यात लोक परतले नाहीत तर मी हँडओव्हर करणार. मग तुम्ही मला रोखायचं नाही.”

“नाही रोखणार. आता आंबील घ्या.”

मी लिहायला बसले. कस्तुरीला बढती दिली आणि लांबच्या डेपोला पाठवली. खोली घेऊन एकटी राहायला लावली. रेवण तिला अडवत नाही, कारण अडवायचं तर “जायलाच पाहिजे का?” असं विचारावं लागेल. तो तिची ट्रंक गाडीवर चढवतो. दर आठवड्याला तिच्या ओळखीच्या ड्रायव्हरकडं डबा देतो. डब्यात चिठ्ठी नसते. फोनवर म्हणतो, “डबा दिलाय.” ती म्हणते, “मिळाला.” हे दहा भाग या दोन वाक्यांवर चालवले. धंद्यात याला स्लो बर्न म्हणतात. आमच्याकडं चुलीतलं लाकूड ओढून घेऊन निखाऱ्यावर दूध ठेवतात, तेच ते. उतू जात नाही, पण तिथून हलताही येत नाही.

पहिल्या चार भागांत फरक पडला नाही. केदारनं फोन केला नाही, मीही नाही. सहाव्यापासून लोक हळूहळू परत यायला लागले. आठव्याला त्याचा मेसेज आला, “विचारतोय ना नक्की?” मी उत्तर दिलं नाही. त्यालाही वाट बघू दे म्हटलं.

दहावा भाग येळवसचा. कस्तुरी ड्युटी करून येते. पंगती उठून गेल्यात, बायका पातेली घासतायत. ती युनिफॉर्ममध्ये, खांद्याला बॅग. रेवण कोपीजवळ बसलाय. तो उठतो. एरवी तो म्हणाला असता, “भाकरी झाकून ठेवलीय.” सगळं गाव बघतंय. आणि तो विचारतो.

रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओतून निखिलचा फोन आला. भाग वाचून झाल्यावर त्यानं काम थांबवलं होतं.

“अक्का,” तो म्हणाला, “आता विचारू ना मी?”

तापाच्या त्या भागापासून तो एक प्रश्न तोंडात धरून बसला होता. “विचार बाबा,” मी म्हटलं. “आता तुझी वेळ आली.”

त्यानं ‘जेवलीस का?’ एकदाच रेकॉर्ड केलं. दुसऱ्यांदा घ्यायची गरज पडली नाही. कस्तुरीला मी रडवलं नाही, ती रडणारी बाई नाही. ती खांद्यावरची बॅग खाली ठेवते आणि म्हणते, “न्हाय. वाढा.” तो दोन पत्रावळी मांडतो. तोही जेवलेला नसतो. संपलं.

त्या भागानंतर आलेले मेसेज केदारनं मला पाठवले आणि मी ते सगळे वाचले, खोटा विनय कशाला? बेंबळी गावच्या एका बाईनं लिहिलं होतं, भाकरी तव्यावर जळाली, जळू दिली. कस्तुरीसारखीच कंडक्टर असलेल्या एकीनं तो भाग ड्युटी संपल्यावर रिकाम्या गाडीत बसून पुन्हा ऐकला. मालिका माझ्याकडंच राहिली. निशा जन्माला आली नाही. हँडओव्हरचा तो कागद बॅगेतून बाहेर निघालाच नाही. आता नवा लेखक आला की केदार त्याला पहिला प्रश्न विचारतो, “तुमच्या हीरोला काय जमत नाही?” हा प्रश्न कुठून आला ते तो सांगत नाही. मला चालतं. आणि पुढच्या वर्षी त्यानं महिनाभर आधी फोन केला, “मॅडम, यंदा ती अमावस्या कधी आहे?” बायकोलाही घेऊन आला. या वेळी काच खाली ठेवून आला.

मालिका लिहिणाऱ्या पोरी कधी कधी मला सल्ला विचारतात. मी एवढंच सांगते: पात्र जुनं झालं की त्याच्या घरात नवी माणसं कोंबू नका. त्यानं आजवर काय केलेलं नाही ते आठवा. आणि ते करायला त्याला घाई करू नका.

आमच्या मालकांनी दहावा भाग दुकानात ऐकला. काउंटरवर मोबाइल ठेवून, गिऱ्हाइकाला हातानं थांबवून ऐकला. मी मागच्या खोलीतून बघत होते. संपल्यावर ते बराच वेळ बिजागऱ्यांचे खोके नीट लावत राहिले. शेवटी मीच बाहेर आले.

“कसा वाटला?”

“चांगलाय,” ते म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, “पन रेवन जरा लवकरच बोलला.”

आमच्या लग्नाला तीस वर्षं होत आली. मी आत गेले आणि दोघांची ताटं वाढली. पात्र सुधारायला चार सीझन पुरतात. नवऱ्याचं नक्की सांगता येत नाही.